शब्दांवाचूनचा आकांत

घरात अघटित घडलं की भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच विचारतं, "कसं झालं हो?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. दुसरं काय विचारावं हे कुणालाच सुचत नाही. पण दिवसभरात वीस माणसं येऊन गेली, तर घरच्या बाईला तीच हकीकत वीस वेळा सांगावी लागते. तिसऱ्या दिवसापर्यंत ती तिला पाठ होते. फोन कधी आला, कोण धावत आलं, दवाखान्यात किती वाजता पोचलो, डॉक्टर काय म्हणाले. पुढं पुढं तर सांगणारी एक आणि जिचं काळीज फाटलंय ती दुसरीच कुणी, असं वाटायला लागतं. हकीकत सांगून संपते, चहाचे कप आत जातात, आणि दुःख होतं तिथंच बसलेलं असतं.

बोललं की मन हलकं होतं, असं आपण धरून चालतो. "बोल गं, मोकळी हो," असं आपण एकमेकींना किती सहज सांगतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण ज्याला बोलताच येत नाही त्यानं काय करायचं? आणि मोकळं व्हायला त्यानं शोधलेली वाट आपल्या कानांना कर्कश, अगदी हिंसक वाटली, तर ती वाट चुकीची म्हणायची का? हा प्रश्न मला पडला तो मेटल नावाच्या परदेशी संगीतामुळं. त्यातही ज्यात कुणी गात नाही, फक्त वाद्यं वाजतात, त्या संगीतामुळं.

हे संगीत ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन विजेची गिटारं, एक खालच्या सुरातलं बेस गिटार आणि ड्रम, एवढाच संसार. गिटारचा आवाज यंत्रातून इतका वाढवतात की यंत्राला तो पेलवत नाही, आणि तो फाटतो. माणूस जिवाच्या आकांतानं ओरडला की त्याचा आवाज जसा फाटतो, तसाच. हे फाटणं म्हणजे बिघाड नव्हे, तेच त्यांना हवं असतं. खाली दोन्ही पायांनी ड्रम इतका जोरात वाजतो की छातीत जाणवतो. मध्येच सगळं थांबतं, एकच गिटार हळुवार काहीतरी वाजवतं, आणि मग पुन्हा सगळं अंगावर कोसळतं. अमेरिकेतल्या शिकागो शहरातले पेलिकन आणि रशियन सर्कल्स हे दोन वाद्यवृंद अशा संगीतासाठी ओळखले जातात. त्यांच्यात गायक नाही. आठ आठ, दहा दहा मिनिटांची रचना असते आणि सांगितलेलं काहीच नसतं.

माझ्या चुलत नणंदेची मुलगी असलं संगीत ऐकते. दोन वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ हायवेवर गेला. मोटारसायकलला मागून ट्रकनं धडक दिली. पोरगं एकोणीस वर्षांचं. त्यानंतर घरात दोनच विषय उरले, एक तो आणि दुसरा तो ट्रकवाला. केस कुठवर आली, त्याला जामीन कसा मिळाला, त्याच्या घरी कधी असं झालं तर कळेल त्याला. आई हेच बोलायची, वडील हेच बोलायचे, येणारे-जाणारे त्यात भर घालायचे. मुलगी मात्र गप्प. रात्री जेवण झालं की कानांवर हेडफोन चढवायची आणि तासभर भिंतीला टेकून बसायची. कधी डोळ्यांतून पाणी यायचं, कधी नुसतीच मूठ मांडीवर आपटत राहायची.

तिच्या आज्जीनं एकदा तो हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला आणि झटकन काढला. "घरातलं माणूस गेलंय, आणि ही कानात युद्ध लावून बसलीय," त्या म्हणाल्या. "णमोकार म्हण, भजन ऐक. हे ऐकून डोकं शांत होईल की भडकेल?"

मी त्या मुलीला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मामी, ह्यात कुणी काही बोलत नाही बघा. तुम्ही आवाज मोठा म्हणता, मला घरातलं बोलणं मोठं वाटतंय."

आज्जींचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्यात दोन शंका आहेत. दुःखाला असं कर्कश रूप देणं योग्य आहे का, ही पहिली. अशा आवाजानं राग निवतो की त्याला खतपाणी मिळतं, ही दुसरी. दोन्हींचा विचार करताना हे संगीत आलं कुठून ते पाहावं लागतं.

ते आलं एका जखमेतून. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात टोनी आयोमी नावाचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साल, वय सतरा. गिटार वाजवण्यासाठी तो नोकरी सोडणार होता आणि तो त्याचा कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आल्यावर तो म्हणाला, आता परत जात नाही. आईनं सांगितलं, हातातलं काम नीट संपवून ये. तो परत गेला, आणि यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा होता, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तो हाच हात. त्या आईचं पुढं काय झालं असेल, हा विचार आपल्यासारख्या बायकांच्या मनात पहिल्यांदा येतो. मुलाला काम पुरं करायला सांगण्यात तिचं काहीच चुकलेलं नव्हतं, तरीही.

कारखान्यातल्या साहेबानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. जँगोचा हात १९२८ मध्ये आगीत भाजला होता आणि तो दोन बोटांवर गिटार वाजवायचा. आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली आणि वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. दुखऱ्या बोटांना घट्ट तारा दाबवेनात म्हणून त्यानं हलक्या तारा लावल्या, पुढं त्या सैलही केल्या. तार सैल झाली की सूर खाली उतरतो, आवाज जड आणि काळोखा होतो. १९७० मध्ये त्यांच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम आला आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये तो उतरवलेला सूर स्पष्ट ऐकू येतो. मेटल म्हणतात ते संगीत इथून सुरू झालं असं मानतात. आज्जींना जे युद्ध वाटलं, त्याच्या मुळाशी तुटलेल्या बोटांना सोसेल अशी वाजवण्याची पद्धत शोधणारा एक कामगार मुलगा आहे.

दुसरं उदाहरण मेटॅलिका या अमेरिकी बँडचं. त्यांच्यातला बेस गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन चोवीस वर्षांचा होता. २७ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे स्वीडनमध्ये त्यांची बस उलटली आणि तो जागीच गेला. चालक म्हणाला, रस्त्यावरच्या बर्फामुळं गाडी घसरली. बँडमधला जेम्स हेटफिल्ड त्या थंडीत, अंगावर पुरेसे कपडे नसताना, रस्त्यानं बर्फ शोधत चालत गेला. त्याला बर्फ दिसला नाही, हे त्यानंच पुढं सांगितलं आहे. चौकशीत चालकावर दोष ठेवला गेला नाही.

तो बर्फ शोधत चाललेला तरुण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्या नणंदेच्या घरातसुद्धा सगळे हेच करत होते. कुणाला तरी दोषी ठरवता आलं तर निदान दुःखाला टेकायला भिंत मिळेल, म्हणून सगळ्यांची धडपड.

क्लिफच्या अंत्यविधीला 'ओरायन' ही रचना लावली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या अल्बममधली ती आठ मिनिटांची रचना, एकही शब्द नसलेली. तिच्या मधल्या भागात सगळा गोंगाट ओसरतो आणि क्लिफचा बेस संथपणे पुढं येतो. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, मित्रांनी त्याच्या मागं राहिलेल्या सुरावटी जुळवून 'टू लिव्ह इज टू डाय' ही जवळजवळ दहा मिनिटांची रचना केली. शेवटाकडं म्हटलेल्या चार ओळी सोडल्या तर तीही वाद्यांचीच. ही रचना मी त्या मुलीच्या शेजारी बसून ऐकली. मला त्यातलं सगळं आवडलं असं म्हणणार नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. त्या दहा मिनिटांत राग आहे, हंबरडा आहे, थकून बसणं आहे, पण बसचा चालक कुठंच नाही. रस्त्यावर ज्याला शोधत फिरले, तो संगीतात आलाच नाही.

मला वाटतं, इथं शब्द नसण्याचं खरं कारण सापडतं. भाषेत राग बोलायचा म्हटला की वाक्याला कर्ता लागतो. "त्यानं केलं." "तिच्यामुळं झालं." "मी तेव्हा तिथं असते तर." वाक्य सुरू झालं की कुणीतरी आरोपी होतो, दुसरा कुणी सापडला नाही तर आपण स्वतःच. सुरांना व्याकरण आहे, पण त्यात कर्ता आणि कर्म नाही. तिथं आकांत करता येतो आणि कुणावर बोट रोखावं लागत नाही.

आता आज्जींच्या दुसऱ्या शंकेकडं वळते. राग निवतो की भडकतो? ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आज्जींच्या बाजूचा वाटतो. विद्यार्थ्यांना आधी राग आणला. मग काहींना, ज्यानं राग आणला त्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला लावलं. त्यांचा राग उतरला नाही, उलट जे काहीच न करता बसले होते त्यांच्यापेक्षा तो जास्त निघाला. 'राग बाहेर काढा म्हणजे बरं वाटेल' हे सरसकट खरं नाही, असं त्यातून दिसलं.

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या दोघा संशोधक बायकांनी, लिया शारमन आणि जेनेव्हिव्ह डिंगल यांनी, वेगळा प्रयोग केला. असं उग्र संगीत नेहमी ऐकणारी १८ ते ३४ वयाची ३९ माणसं घेतली. राग येईल अशा आठवणी त्यांना बोलायला लावल्या. मग निम्म्यांनी दहा मिनिटं स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकलं आणि निम्मी दहा मिनिटं शांत बसली. ते सगळं संगीत शब्दांविना होतं असं नाही. पण संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही, चिडचिड आणि ताण उतरला. शांत बसलेल्यांचाही उतरला. फरक एवढाच की शांत बसलेल्यांच्या छातीची धडधड कमी झाली, तर ऐकणाऱ्यांची होती तेवढीच राहिली, आणि आपल्यात उत्साह आला, काही करावंसं वाटलं, असं त्यांनी सांगितलं.

मला हे दोन्ही प्रयोग एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. पिशवीवर ठोसे मारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शत्रूचा चेहरा ठेवला होता. संगीतात तो चेहरा नव्हता. रागाला नुसती वाट मिळण्यापेक्षा, वाट देताना आपण मनात कुणाला उभं करतो हे जास्त महत्त्वाचं असावं. आणि दुसरं, शांत बसणंही तितकंच उपयोगी पडलं, हेही विसरून चालणार नाही. सामायिकाला बसणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. तिला तिची वाट आहे, त्या पोरीला तिची. एकीची वाट दुसरीवर लादायची गरज नाही, एवढंच.

आज्जींनी 'युद्ध' हा शब्द वापरला. आपल्या परंपरेत यासाठी बारीक फरक केलेला आहे. तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यान वेगळं आणि रौद्रध्यान वेगळं. आपलं आवडतं माणूस दुरावलं आणि चित्त तिथंच घुटमळत राहिलं, तर ते आर्त. त्याला इष्टवियोग असं नावही दिलेलं आहे. दुसऱ्याला इजा करण्यात, त्याच्या नाशात मन रमू लागलं, तर ते रौद्र. दोन्ही सोडायचीच आहेत, यात शंका नाही. पण कोण कुठल्या अवस्थेत आहे हे नुसत्या आवाजावरून ओळखू येत नाही. हेडफोन लावून रडणारी पोर मोठ्या आवाजात असूनही आर्तातच होती. आणि "त्याच्या घरी असं झालं तर कळेल त्याला," हे वाक्य अगदी हळू आवाजात, देवघराच्या उंबऱ्यावर बसून म्हटलं गेलं होतं. रौद्र कुठलं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

दुःखाचा मोठा आवाज आपल्याला परका आहे असंही नाही. आमच्या बेळगाव भागात काही समाजांत अंत्ययात्रेपुढं हलगी वाजते. तिच्या कडकडाटात ना शब्द, ना गोडवा. जुन्या बायका ऊर बडवून रडायच्या आणि सगळी गल्ली ते ऐकायची. शिकल्यासवरलेल्या घरांत आता ते गावंढळ वाटतं. आपण दुःख सभ्य केलं, त्याला पांढरी साडी नेसवली आणि मांडी घालून सतरंजीवर बसवलं. मग ज्यांना तसं बसवत नाही ती पोरं हेडफोनमध्ये जाणारच.

हे संगीत म्हणजे नुसती आदळआपटही नव्हे. ते वाजवायला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो, एक मात्रा चुकली तर सगळं कोसळतं. १९६९ मध्ये जन्मलेल्या जेसन बेकरनं एकोणिसाव्या वर्षी 'परपेच्युअल बर्न' हा वाद्यांचाच अल्बम केला. विशीत त्याला एएलएस हा मज्जातंतूंचा आजार निघाला. डॉक्टरांनी तीन ते पाच वर्षं दिली होती. हात गेले, चालणं गेलं, बोलणं गेलं. वडिलांनी त्याच्यासाठी डोळ्यांच्या हालचालींची अक्षरपद्धत तयार केली. आजारपणातच १९९६ मध्ये त्याचा 'पर्स्पेक्टिव्ह' आला आणि २०१८ मध्ये, नुसत्या डोळ्यांनी सूर सांगून रचलेला 'ट्रायम्फंट हार्ट्स'. आता तो स्वतः वाजवू शकत नाही, बाकीचे वाजवतात. या माणसाच्या बाबतीत मोकळं होणं म्हणजे ओरडणं नाही. एकेक सूर डोळ्यांनी दाखवत, चुकला तर पुन्हा सांगत, वेदनेला मापात बसवणं आहे. रांगोळीचे ठिपके मोजून काढणाऱ्या बाईला हे कळेल. हात कापत असला तरी ठिपका जागेवर पडला पाहिजे, आणि तो पडेपर्यंत मन त्या ठिपक्यापाशी टेकतं.

अर्थात वाटेला मर्यादा आहेत. कोणतंही संगीत औषधाची जागा घेत नाही. माणूस रात्ररात्र झोपत नसेल, जेवण सोडलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर कानात काय वाजतंय याची चर्चा करत बसू नये, सरळ डॉक्टरकडं न्यावं. सरकारची टेलि-मानस नावाची मोफत सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर आपल्या भाषेत बोलता येतं. आवाजही कानाला सोसेल एवढाच ठेवावा, कान गेले तर परत येत नाहीत. आणखी एक खूण मी लक्षात ठेवलीय. ऐकून झाल्यावर माणूस उठतो का? पाणी पितो, कुणाशी दोन शब्द बोलतो, सकाळी कामाला लागतो, तर त्या संगीतानं आपलं काम केलं. तो उठतच नसेल, तर ती वाट राहिली नाही, तिची खोली झाली आणि दार आतून लागलं, असं समजावं.

ती मुलगी उठायची. तासाभरानं हेडफोन काढून आईजवळ जाऊन झोपायची. वर्षभरानं एके दिवशी जेवताना ती आपणहून म्हणाली, "आई, ट्रकवाल्याचं बोलणं आता जेवताना नको. दादूला काय आवडायचं ते बोलूया." केस चालू आहे, ती चालायलाच हवी. न्याय मागणं निराळं. पण त्या घरात जेवताना तो ट्रकवाला आता ताटाशी बसत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या घरातलं कुणी असं काही ऐकत बसलेलं दिसलं, तर दोन गोष्टी करता येतील. "काय झालं, बोल तरी," असा धोशा लावू नये, कारण कदाचित बोलणंच त्याला नको झालेलं असतं. आणि "बंद कर ते," असंही लगेच म्हणू नये. शेजारी बसावं. निवडायची भाजी घेऊन बसलं तरी चालेल. एखादे दिवशी हेडफोनची एक बाजू आपल्या कानाला लावायला मागावी. आवडलं नाही तर तसं सांगावं, लेकरं तेवढं समजून घेतात. पण ती रचना संपेपर्यंत थांबावं, मधूनच उठू नये.